धुतलेले मीठ आणि दहा आज्ञा

बायबलमधील आज्ञा आजच्या ख्रिस्ती माणसाला कितपत बांधतात, ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले असते. यज्ञाचे, खाण्यापिण्याचे, शुद्धाशुद्धतेचे नियम ख्रिस्तात संपले. नीतीच्या आज्ञा तेवढ्या उरल्या. उत्तर चुकीचे नाही, पण फार सोपे आहे. ही विभागणी कागदावर करणे वेगळे आणि घरातल्या पाण्याच्या घागरीपाशी करणे वेगळे. ती घागरीपाशी कशी झाली, ह्याची साक्ष मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे, आणि तिची सुरुवात नाशिकच्या परिसरात होते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. आत्मचरित्राच्या आरंभीच त्यांनी वडिलांच्या सोवळ्याचे चित्र रेखाटले आहे. बाजारातून आलेले मीठसुद्धा त्या घरात धुऊन घेतले जाई. १८५७ च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांच्या मनाने ही उचल घेतली, असे त्या सांगतात. म्हणजे ह्या कर्मठपणाच्या मुळाशी शास्त्रापेक्षा भय अधिक होते. त्या भयाचा जाच मात्र घरातल्या बायकामुलांनी सोसला. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत लिहितात. तरीही नियम माणसापेक्षा मोठा झाला की घराचे काय होते, हे वाचकाच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

मार्कच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात नेमका हाच प्रसंग आहे. न धुतलेल्या हातांनी जेवणाऱ्या शिष्यांवर परूशी आक्षेप घेतात. येशू त्यांना उलट विचारतो, की देवाला अर्पण केल्याच्या सबबीखाली आईबापांचे पोषण टाळणाऱ्यांनी पाचव्या आज्ञेचे काय केले? येथे येशू आज्ञा रद्द करीत नाही. आज्ञेवर चढलेली पुटे खरवडून तो तिच्या तळाशी असलेला माणूस दाखवितो. पुढे इ. स. ५० च्या सुमारास यरुशलेमेच्या सभेत, परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर सुंतेचे बंधन नको असा निर्णय झाला, तोही ह्याच वाटेवरचा.

ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आज्ञेचा हा प्रश्न त्यांच्या संसारात उभा राहिला. धर्मांतर करणाऱ्याला त्या काळी घर, जात आणि उपजीविका एकदमच गमवावी लागे. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये नाशिकला शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभारली. तिच्या नावातच त्या परिस्थितीचा उच्चार आहे. टिळकांची पत्नी हिंदू राहिली आणि दोघांची ताटातूट झाली. १८६६ चा एकविसावा कायदा अशा वेळी मोकळीक देत होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने सतत सहा महिने त्याग केला, तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला विवाहविच्छेद मागता येई. विश्वास न ठेवणारा जोडीदार निघून गेला तर बंधन उरत नाही, ह्या पौलाच्या वचनाशी तो मिळताजुळता होता. कायदा आणि शास्त्र दोन्ही अनुकूल असताना टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या त्या स्वतःचे पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवून. टिळकांनी तेही चालू दिले. व्यभिचार करू नको, ह्या आज्ञेचा अर्थ त्यांनी निषेधापुरता घेतला नाही. दिलेल्या वचनाशी राहणे, हा त्याचा भावार्थ त्यांनी आचरिला.

लक्ष्मीबाईंचे परिवर्तन राहुरीला झाले, आणि त्याचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. जात देवाने केली की माणसाने, ह्याचा विचार त्यांनी एकटीने केला. पशुपक्ष्यांतले भेद डोळ्यांना दिसतात, माणसांतले तसे दिसत नाहीत. तेव्हा हे काम माणसाचेच, अशा निष्कर्षाला त्या आल्या आणि त्यांनी विटाळ सोडला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. यापोच्या धाब्यावर पेत्राला दृष्टांत झाला आणि मग तो कर्नेल्याच्या घरी गेला, ही 'प्रेषितांची कृत्ये'मधील कथा सर्वांना ठाऊक आहे. मीठ धुणाऱ्या घरातल्या मुलीने तेच अंतर कोणत्याही दृष्टांतावाचून, निव्वळ विचाराने कापले. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा मंडळीत सामील होण्याआधीच त्यांनी पाळली होती.

म्हणून 'कोणत्या आज्ञा उरल्या?' ह्या प्रश्नाबरोबर, उरलेल्या आज्ञांचे आम्ही काय केले, हेही विचारावे लागेल. लेवीयातले आहारनियम आम्ही निर्धास्तपणे मागे टाकले, कारण ते सोडण्याला काही किंमत पडत नव्हती. पण मुलामुलींची लग्ने ठरविताना पूर्वाश्रमीच्या जातीची चौकशी आमच्यातल्या किती घरांत अजून होते! दहा आज्ञा मुखोद्गत असलेल्या घरांतही होते. नियमशास्त्राचा जो भाग ख्रिस्तात संपला असे आम्ही म्हणतो, तोच येथे दुसऱ्या नावाने जिवंत आहे. आणि जो भाग शिल्लक आहे असे आम्ही शिकवितो, तो येथेच मोडला जातो.

लक्ष्मीबाईंचे निधन १९३६ मध्ये नाशिकलाच झाले. जलालपूर तेथून फार दूर नाही. त्या दोन स्थळांमधला त्यांचा प्रवास मात्र लांबचा होता, आणि आमच्यापैकी पुष्कळांचा तो अजून व्हावयाचा आहे.