कोळसा ते वीज : देशोदेशीचे आकडे आणि शेजारचे पारस

वाशीम - वाशीम जिल्ह्यात कोळशाची खाण नाही, औष्णिक वीज केंद्रही नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन झाले, तेव्हा पारसचे केंद्र अकोल्याकडेच राहिले. तरीही जागतिक ऊर्जा-आकडेवारीचा अर्थ लावण्यास पारसइतके जवळचे उदाहरण नाही.

कोळसा, तेल वा वायू यांचे वीज किंवा पेट्रोल-डिझेलमध्ये रूपांतर झाल्यावर हाती येते ती रूपांतरित ऊर्जा. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. मात्र ती निर्माण करण्यासाठी पारसच्या धर्तीच्या संचात सुमारे अडीच हजार किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. जेमतेम ३५ टक्के हाती लागते. उरलेली धुराडे आणि शीतकरण मनोऱ्यांतून निघून जाते. पारसचे २५० मेगावॉटचे दोन्ही संच पूर्ण क्षमतेने चालल्यास दिवसाला १ कोटी २० लाख युनिट वीज तयार होते. युनिटमागे ०.७ किलो कोळसा धरला, तरी रोज आठ हजार टनांहून अधिक कोळसा लागतो! कोराडीचे ६६० मेगावॉटचे 'सुपरक्रिटिकल' संच तेवढ्याच कोळशात अधिक वीज देतात.

ब्रिटनमध्ये १८८२ साली लंडनच्या हॉलबर्न भागात सुरू झालेली कोळशाची वीज ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ केंद्रासह संपली. अमेरिकेत २००५ च्या सुमारास निम्मी वीज कोळशाची होती. २०२३ मध्ये ती १६ टक्क्यांवर आली. तेथे कोळशाची जागा प्रामुख्याने नैसर्गिक वायूने, म्हणजे दुसऱ्या जीवाश्म इंधनानेच घेतली, हे सहसा सांगितले जात नाही. जगातील निम्म्याहून अधिक कोळसा-वीज एकटा चीन निर्माण करतो. भारतात २०२३-२४ मध्ये सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशाची होती. पण दरडोई वार्षिक वापर १,४०० युनिटांच्या आत, तर अमेरिकेत तो बारा हजारांच्या घरात. केवळ एकूण निर्मितीचे आलेख पाहून देशांना गुण देणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

तेलाचे आकडे तर अधिकच फसवे. भारत बहुतांश कच्चे तेल आयात करतो आणि जामनगरसारख्या शुद्धीकरण कारखान्यांतून डिझेल निर्यातही करतो.

वाशीमच्या शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. रब्बीत रात्रीच्या पाळीला पंप सुरू करण्यासाठी थंडीत शेतात जावे लागते. सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश ही वीज दिवसा देण्याचा आहे. सौर विजेत इंधन जळत नाही. त्यामुळे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पद्धतीत जेवढी वीज निर्माण झाली, तेवढीच प्राथमिक ऊर्जा धरली जाते. पंप कोळशावरून सौर विजेवर आला, की देशाच्या तक्त्यात त्याची प्राथमिक ऊर्जा जवळपास एक तृतीयांशावर येते. विहिरीतून उपसलेले पाणी मात्र तेवढेच असते.