आत्याआजी, पार्वतीबाई आणि मोडीचा कित्ता



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. एक-दोघांनी विचारलंही की तब्येत बरी आहे ना म्हणून. तब्येत ठणठणीत आहे. एका नव्या उद्योगात अडकले होते, आणि त्यात इतकी फजिती चालली होती की लिहायचं धैर्य होत नव्हतं. आज लिहितेच.

सुरुवात आत्याआजीपासून करायला हवी. घरच्या मंडळींना ती ठाऊकच आहे, इतरांसाठी सांगते. ती माझ्या वडिलांची आत्या. लहानपणी विधवा झाली, बाविसाव्या वर्षी हिंगण्याला अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमात शिकायला गेली आणि पुढे कोकणात शाळामास्तरीण म्हणून आयुष्य काढलं. मी पाहिली ती ऐंशी ओलांडलेली, नऊवारी पांढरं पातळ नेसणारी, आवाज मात्र अजून वर्गातला. आमच्यापैकी कुणी अभ्यासाला कंटाळलं की तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "पार्वतीबाई इंग्रजी शिकायला अमेरिकेत जाऊन भांडी घासून आल्या, आणि तुला दोन पाढे म्हणायला जड जातंय होय!"

ह्या पार्वतीबाई कोण हे आम्ही कधी विचारलं नाही. अमेरिका आणि भांडी यांचा मेळच बसत नसे. आम्हाला वाटायचं, आत्याआजीने अशीच एक गोष्ट रचलेली आहे.

ती रचलेली नव्हती. पार्वतीबाई आठवले यांचा जन्म १८७० चा, कोकणातल्या देवरुखचा, माहेरच्या त्या जोशी. अकराव्या वर्षी लग्न. नवरा पायाने अधू होता. विसाव्या वर्षी वैधव्य आलं, पदरात एक मुलगा. रीतीप्रमाणे केशवपन झालं. त्या काळात अशा बाईची पुढची चाळीस-पन्नास वर्षं कशी जायची ते सांगायला नको. माहेरचं किंवा सासरचं स्वयंपाकघर, आणि त्यातही मागची बाजू.

पण ह्या घरात एक वेगळी गोष्ट आधीच घडून गेली होती. पार्वतीबाईंची बहीण गोदूबाई, तीही बालविधवा. तिला तिच्या भावाने, नरहरपंतांनी, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात घातलं होतं. शारदा सदन मुंबईत ११ मार्च १८८९ ला सुरू झालं, आणि तिथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई एक. नरहरपंत हे धोंडो केशव कर्व्यांचे मित्र. १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. ह्याच गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया कर्वे. संसार सुरू झाल्यावर त्याही नागपूरला जाऊन सुईणपण शिकून आल्या, हे मला 'माझे पुराण' हातात येईपर्यंत माहीत नव्हतं. महर्षींच्या सावलीत बायाची ही बाजू झाकली गेली असं मला नेहमी वाटतं. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

पार्वतीबाई पुण्याला बहिणीकडे आल्या तेव्हा पंचविशी उलटली होती. त्या वयात त्यांनी खऱ्या अर्थाने शिक्षणाला हात घातला. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. पार्वतीबाई त्या कामात ओढल्या गेल्या. त्यांचं मुख्य काम झालं वर्गणी गोळा करण्याचं. गावोगाव हिंडायचं, सभेत उभं राहून बोलायचं, लोकांच्या दारात जाऊन पैसे मागायचे. १९१२ च्या सुमारास त्यांनी केशवपन थांबवलं, त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या पार्वतीबाई आता कुणी साध्या बाई राहिल्या नव्हत्या. आश्रमाच्या कार्यकर्त्या, वक्त्या, चार लोक उठून नमस्कार करतील अशा. आणि अशा वेळी त्यांना खुपायला लागलं ते इंग्रजी. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. तिथलं वैशिष्ट्य असं की शिक्षणाचं माध्यम मातृभाषा, इंग्रजी हा एक विषय. म्हणजे मराठीतून शिकवणाऱ्या विद्यापीठाच्या घरातली बाई इंग्रजीसाठी तळमळत होती! विरोधाभास वाटतो, पण तसा तो नाही. मराठीतून शिकावं हे पटलेलं असलं तरी सत्ता, पैसा आणि मोठ्या शहरांतले देणगीदार इंग्रजीत बोलत होते हे फिरणाऱ्या माणसाला कळणारच.

१९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायला. महायुद्ध चालू होतं ते वर्ष. तिथे पोट भरण्यासाठी त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केलं, आणि १९२० मध्ये परत आल्या. ज्या बाईच्या शब्दावर इथे लोक पैसे काढून देत, तिला तिथे साधं काही मागायचं तर शब्द शोधावे लागले असतील. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली कोकणस्थ विधवा परक्यांच्या स्वयंपाकघरात उभी आहे, हे चित्र मी बऱ्याचदा डोळ्यांपुढे आणून पाहिलं. मला त्यातले कष्ट तेवढे मोठे वाटत नाहीत. कष्टाची तिला सवय होती. अवघड असणार ते दुसरंच, आपण कोण आहोत हे समोरच्याला माहीतच नसणं.

इथे एक गोष्ट मला टोचते, तीही लिहून टाकते. आत्याआजीच्या वाक्यात 'भांडी घासून' ह्या शब्दांवर जोर असायचा, जणू काही अग्निदिव्यच. पण आमच्याकडे तीस वर्षं भांडी घासणाऱ्या मावशींना ते दिव्य कुणी म्हटलं नाही. पार्वतीबाईंच्या दोन वर्षांचं कौतुक करताना हे विसरायला नको. त्यांना परत यायला एक आश्रम होता. शिकण्यासाठी दिवसभराचं काम उरकून येणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे त्याहून जुनी आहे, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मजुरांसाठी, शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा १८५५ मध्येच आपल्या घरी काढली होती. तिथे बसलेल्या थोराड माणसांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, एवढाच फरक.

रमाबाईंचं उदाहरणही इथेच सांगते, कारण गोदूबाईंची ती पहिली शाळा. रमाबाई म्हणजे लहानपणापासून विद्वान, विशीतच कलकत्त्याला 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या मिळवलेल्या. त्यांना काय शिकायचं उरलं होतं? इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायच्या विचाराने, पण ऐकू कमी येत असल्याने ते राहून गेलं. त्यांनी ते मागे टाकलं आणि पुढे निघाल्या. पंचेचाळिशीच्या आसपास, केडगावला मुक्ती मिशनचा एवढा मोठा पसारा सांभाळत असताना, बायबल साध्या मराठीत मुळातून आणायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. संस्कृतच्या पंडितेने पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात! छपाईचं कामही तिथल्या बायकांनीच केलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तोपर्यंत त्या ह्याच कामात होत्या. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं, तेव्हा मला दरवेळी ते हिब्रूचे खिळे जुळवणारे हात आठवतात.

आता माझ्या फजितीकडे वळते.

दोन वर्षांपूर्वी गावचं घर आवरताना आत्याआजीची पत्र्याची ट्रंक निघाली. आत तिची प्रमाणपत्रं, एक जपमाळ, आणि फडक्यात बांधलेले काही मोडीतले कागद. एकावर मात्र कडेला बालबोधीत आत्याआजीच्या हस्ताक्षरात लिहिलेलं, 'बाबांचे पत्र, शके १८३४'. म्हणजे १९१२-१३. ती हिंगण्याला गेली तेच वर्ष. माझ्या पणजोबांनी पुण्याच्या आपल्या धाकट्या भावाला लिहिलेलं पत्र. तिने ते साठ वर्षं जपून ठेवलं होतं आणि मला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं.

जाणकाराकडून वाचून घेता आलं असतं. पण का कोण जाणे, ते परक्याच्या तोंडून ऐकू नये असं वाटलं. बँकेतून निवृत्त झालेच होते. रविवारच्या मोडीच्या वर्गात नाव घातलं.

वर्गात मी सगळ्यांत मोठी. शिकवणारे सर माझ्या मुलापेक्षा लहान. शेजारी सातवीतली एक चुणचुणीत मुलगी. मोडीची गंमत अशी की आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. शब्द तोडायचे नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ नाही. एकच व्यंजन काना लागला की वेगळं दिसतं, उकार लागला की आणखी वेगळं. त्यात पत्रांतले संक्षेप, 'सा. न. वि. वि.' सारखे. लिहिणाऱ्याचा हात पळावा म्हणून केलेली सोय, आणि वाचणाऱ्याचा जीव जातो. चौतीस वर्षं लोकांच्या सह्या ओळखण्यात गेली माझी, वाटलं होतं हे सहज जमेल. तिसऱ्या रविवारी सर म्हणाले, "काकू, तुम्ही वाचत नाही आहात, अंदाज करताय." वर्ग हसला. शेजारच्या मुलीने ती ओळ घडाघडा वाचून दाखवली.

त्या दिवशी घरी येऊन मी कित्त्याची वही कपाटात टाकली. दोन रविवार गेले नाही. यजमानांना सांगितलं गुडघा दुखतोय. खरं कारण एवढंच, की शाखेत मॅडम म्हणून वावरलेल्या बाईला बाकावर बसून चुकीचं वाचताना हसलेलं सोसलं नाही. आणि मग एका संध्याकाळी भांडी घासताना (मावशी रजेवर होत्या, म्हणून मला हे सुचलं!) आत्याआजीचं वाक्य आठवलं. त्यानंतर मी पार्वतीबाई खऱ्या कोण हे शोधायला लागले. त्यांचं 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र १९२८ चं. त्यांनी ते मराठीतच लिहिलं. १९३० मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्कला प्रसिद्ध झालं, ते केलं जस्टिन ॲबट ह्या अमेरिकन मिशनऱ्याने, आपल्या संतांची चरित्रं इंग्रजीत नेणाऱ्या माणसाने. म्हणजे पार्वतीबाई इंग्रजीसाठी अमेरिकेपर्यंत गेल्या, आणि अमेरिकेत त्यांची कहाणी वाचली गेली ती मराठी शिकलेल्या एका अमेरिकनामुळे. त्या दोघांपैकी कुणाला जास्त त्रास पडला असेल, ह्यावर मी बराच वेळ विचार करत बसले होते.

पुढच्या रविवारी वर्गाला गेले. ती मुलगी म्हणाली, "आजी, तुमची वही पूर्ण करायला मी मदत करू का?" घेतली मदत. तिच्याकडून दोन महिने घेतली.

पत्र गेल्या महिन्यात लागलं. पूर्ण नाही, पाणी लागलेल्या कोपऱ्यातले चार-पाच शब्द अजून अडले आहेत. घरच्यांनो, फार मोठ्या अपेक्षा ठेवू नका. दीड पानाच्या पत्रात एक पान भाताचं आहे. किती खंडी झालं, कुणाकडे किती येणं आहे, म्हैस व्याली, आगरातल्या दोन पोफळी वाऱ्याने पडल्या. मग विहिरीच्या वाटणीचं काहीतरी. आणि शेवटून तिसऱ्या ओळीत, विहीर संपते तिथेच, मध्ये श्वासही न घेता, "चिमी हट्टास पेटली आहे. हिंगण्यास न्यावी असें म्हणते. लोक बोलतील ते बोलोत. तुम्ही येऊन घेऊन जाणें." पुढे लगेच पुण्याहून आणायच्या औषधाची यादी.

चिमी म्हणजे आत्याआजी. हे नाव मला माहीत नव्हतं, बाबांच्या तोंडूनही कधी ऐकलं नव्हतं.

फडक्यात अजून सहा कागद आहेत. एक बहुधा खत आहे, बाकीची पत्रं. कुणाकडे ह्या काळातले आणखी कागद असतील, माळ्यावर, देवघराच्या मागे, कुठेही, तर कृपा करून रद्दीत घालू नका. मला फोन करा, मी येऊन घेऊन जाईन. फक्त घाई करू नका, पानाला मला अजून आठवडा लागतो.