चालता आडोसा

अजिंठ्याच्या डोंगराजवळील धावड्याहून मराठवाड्यात आणखी आत जावे, तो उघडे माळ लागतात. तिथे फांद्यांच्या आडोशाने शिकाऱ्याचे भागत नसे. काळविटाची नजर फार लांबची. परंतु चरत्या गुराला ते बुजत नसे. पारध्याने हे हेरले. शिकवलेल्या गुराआड पावलापावलाने सरकत तो कळप गाठी. ‘गाय-पारधी’ हे नाव त्यातूनच पडले. राजेरजवाड्यांचे चित्तेही बैलगाडीतूनच काळविटांजवळ नेत. त्यांची ती करमणूक ठरली. पारध्यावर मात्र १८७१ पासूनच्या इंग्रजी कायद्यांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ साली कागदावरून पुसला गेला. १९७२ च्या कायद्याने काळविटाला अभय मिळाले, हे योग्यच झाले. पारध्याकडे संशयाने पाहणारी आपली नजर मात्र अद्याप निवळायची आहे!