प्रभावळकर, दिलीप

(४ ऑगस्ट १९४४ – ). मराठी रंगभूमी, दूरचित्रवाणी व चित्रपट या तिन्ही माध्यमांत गाजलेले चरित्र अभिनेते आणि लेखक. जन्म मुंबईत. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात त्यांनी चेटकीण रंगवली, तर मतकरींच्याच ‘आरण्यक’ या पौराणिक नाटकात विदुर. एकाच नटाने इतक्या टोकांच्या भूमिका पेलणे हे पुढे त्यांच्या कारकिर्दीचेच लक्षण ठरले.

मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका आली. बाळ कर्वे यांच्या धिप्पाड गुंड्याभाऊसमोर प्रभावळकरांचा भिडस्त, गोंधळलेला चिमणराव घरोघरी पोहोचला. पुढे स्वतःच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावर आधारलेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ (२००१–०५) या मालिकेत ते आबा झाले. तीन पिढ्यांच्या घरात वावरणारे, दिवसभरात घडलेले रोजनिशीत टिपणारे हे आजोबा उपदेशाचा आव आणत नाहीत. मुला-सुनेचे, नातवंडांचे कौतुक आणि चुका सारख्याच मायेने पाहतात.

चित्रपटांत ‘चौकट राजा’मधील (१९९१) नंदू ही त्यांची सर्वांत हृद्य भूमिका. बालपणीच्या अपघाताने बुद्धीची वाढ खुंटलेला हा प्रौढ त्यांनी कोठेही कीव न मागता उभा केला. अडखळते बोलणे, अंग चोरून चालणे आणि ओळखीचा माणूस दिसताच खुलणारा चेहरा एवढ्यावर ही भूमिका उभी आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मध्ये त्यांनी तात्या विंचू हा क्रूर गुंड साकारला. ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) या राजकुमार हिरानी यांच्या हिंदी चित्रपटात ते महात्मा गांधी झाले. केवळ मुन्नाला दिसणारे हे गांधीजी पुतळ्यासारखे नव्हे, तर घरातल्या वडीलधाऱ्यासारखे बोलतात. ही भूमिका व गजेंद्र अहिरे यांचा ‘शेवरी’ या दोहोंसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘हसवाफसवी’ हे त्यांनीच लिहिलेले नाटक. त्यात एकाच प्रयोगात ते सहा भूमिका करीत. थकलेले संगीतनट कृष्णराव हेरंबकर ही त्यांतील सर्वांत लोभस. मुलांसाठी त्यांनी लिहिलेला ‘बोक्या सातबंडे’ही लोकप्रिय झाला.

रंगभूषेइतकाच आवाज, चाल व नजर यांवर भर देणाऱ्या या नटाची ठरावीक प्रतिमा प्रेक्षकांच्या मनात कधीच साचली नाही. लोकांना आठवतात ते चिमणराव, नंदू, तात्या विंचू आणि आबा. चरित्र अभिनेत्याचे याहून मोठे यश नाही. वयाच्या ८१ व्या वर्षी, २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘दशावतार’ चित्रपटात त्यांनी कोकणातील दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्रीची प्रमुख भूमिका केली.