नायट्रिक ऑक्साइड–चक्रीय जीएमपी संदेशवहन, हृद्‌स्नायूतील

हृद्‌स्नायुपेशींच्या आकुंचन-शिथिलनाचे नियमन करणारी, नायट्रिक ऑक्साइड वायूपासून सुरू होणारी रासायनिक संदेशसाखळी.

नायट्रोग्लिसरीनसारख्या औषधांतून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड ग्वानिलेट सायक्लेज हे एंझाइम उद्दीपित करतो, हे फेरीद मुराद यांनी १९७७ मध्ये दाखविले. रॉबर्ट फर्चगॉट व लुई इग्नारो यांच्यासह त्यांना १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामागील संशोधन मात्र प्रामुख्याने रक्तवाहिन्यांवरचे होते.

पेशीत हा वायू आर्जिनीनपासून बनतो (पहा : ॲमिनो अम्ले). तो अल्पजीवी असल्याने त्याचे निर्मितिस्थान निर्णायक ठरते : त्याची निर्मिती करणाऱ्या एंझाइमाचा एक प्रकार पेशीपटलाच्या खळग्यांत, तर दुसरा कॅल्शियम साठविणाऱ्या जालिकेवर असतो. नायट्रिक ऑक्साइड विद्राव्य ग्वानिलेट सायक्लेजमधील हीमच्या लोहाशी बद्ध झाला, की जीटीपीपासून चक्रीय जीएमपी तयार होते व प्रथिन कायनेज-जी सक्रिय होते. हे कायनेज ट्रोपोनीन-आय व टिटिन या प्रथिनांना फॉस्फेट गट जोडते. परिणामी तंतूंची कॅल्शियम-संवेदनशीलता व ताठरपणा घटून शिथिलन सुलभ होते (पहा : स्नायू). चक्रीय जीएमपी अल्प असता फॉस्फोडायएस्टरेज-३ रोखले जाऊन आकुंचनाला चालना देणारे चक्रीय एएमपी वाढते. अधिक असता फॉस्फोडायएस्टरेज-२ उद्दीपित होऊन चक्रीय एएमपी घटते. आकुंचनावरील परस्परविरोधी परिणामांचे हे एक कारण होय.

हृदय-अकार्यक्षमतेत ऑक्सिडीकारक ताणामुळे ही साखळी क्षीण होते (पहा : हृदयविकार). विद्राव्य ग्वानिलेट सायक्लेजला उद्दीपित करणारे व्हेरिसिग्वाट हे औषध अमेरिकेत २०२१ मध्ये मान्य झाले.