चांदी आपली, टांकसाळ कुणाची?

वस्तीतल्या एका तरुणाचा परवा फोन आला. "जयभीम दादा. माझ्याकडे वीस हजारांचं बिटकॉइन आहे. मोडून चांदीची वीट घेऊ का? बाबासाहेबच म्हणाले होते ना, सरकारी कागदापेक्षा चांदी बरी?"

बाबासाहेब असं कुठेही म्हणाले नाहीत. पण प्रश्न चांगला आहे, कारण चांदी आणि आपण यांचा इतिहास बहुतेकांना माहीत नाही.

आधी चांदी अंगावर घालण्याचा हक्क. 1928 साली इंदूर भागातल्या गावांमध्ये सवर्णांनी बलाई समाजावर अटी लादल्या. त्यांतली एक अट अशी, की बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी ही हकीकत नोंदवली आहे. म्हणजे विकत घ्यायची ऐपत असली तरी मालकी दिसता कामा नये! आणि 1927 च्या डिसेंबरात महाडला त्यांनी आपल्या बायांना काय सांगितलं? जात ओळखू येईल असे गळाभर आणि कोपरापर्यंतचे दागिने टाकून द्या. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की कळतं, बाबासाहेबांना धातूचं वेड नव्हतं. चांदी कोण घालतो आणि कुणाच्या मर्जीने, हे ते पाहत होते.

आता चांदीचा पैसा करण्याचा हक्क. 1835 च्या कायद्याने रुपया एक तोळ्याचा ठरला: 180 ग्रेन वजन, त्यात 165 ग्रेन शुद्ध चांदी. कुणीही चांदी घेऊन मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं, घडणावळ कापून रुपये घ्यावेत. शेतमजूर काही स्वतः टांकसाळीत जात नव्हता, पण गावच्या सोनाराचा भाव तिथूनच ठरायचा. बाईच्या पायातले तोडे म्हणजे जवळजवळ रोकडच.

1870 नंतर जर्मनीसारखे देश सोन्याकडे वळले आणि चांदी घसरू लागली. रुपया दोन शिलिंगांवरून 1892 पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. सरकारला लंडनचे खर्च सोन्यात भागवायचे होते. हर्शेल समितीच्या अहवालानंतर 26 जून 1893 रोजी टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. पुढे रुपया 16 पेन्सवर बांधला गेला. 1899 साली त्यातल्या चांदीची किंमत मात्र 10 पेन्सच्या आसपास होती. हिशोब करा. ज्या तोड्यांना आधी जवळपास वजनाइतके रुपये मिळायचे, त्याच रकमेसाठी आता दीडपट चांदी द्यावी लागली. आणि हे कधी? 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांच्या तोंडावर! ज्याची शिल्लक सगळी अंगावरच्या धातूत, तो लुटला गेला. लुटणारा कुणी दरोडेखोर नव्हता, एक कायदा होता.

इथे एक गफलत टाळू या. टांकसाळ लोकांसाठी बंद करण्याला बाबासाहेबांचा विरोध नव्हता. 1923 च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'त त्यांचा राग याचा आहे, की सरकारने स्वतःला मात्र रुपये पाडण्याची मोकळीक ठेवली. 15 डिसेंबर 1925 रोजी रॉयल कमिशनपुढेही त्यांनी सरकारच्या हातालाच बंधन मागितलं: रुपयाच्या चलनाला ठरावीक मर्यादा घाला. का? भाव चढतात तेव्हा मजुरी मागे राहते. निर्यातदार व्यापारी कमावतो आणि ती कमाई मजुराच्या ताटातून येते.

मग बिटकॉइनवाले म्हणतात, आमचीही मर्यादा 2 कोटी 10 लाख नाण्यांची, म्हणजे बाबासाहेब आमचेच! मर्यादा हा शब्द सारखा आहे, एवढंच. त्यांना रुपयाची खरेदीशक्ती स्थिर हवी होती. बिटकॉइन नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलरच्या आसपास होतं आणि वर्षभरात 16 हजारांच्या आसपास आलं. अशा चलनात कुणी मजुरी घेईल का?

राहिला त्या मुलाचा व्यवहार. अमेरिकेतल्या काही पेढ्या बिटकॉइन घेऊन थेट चांदी देतात, ते व्हिडिओ त्याने पाहिले होते. आपल्याकडे थेट अदलाबदल केली तरी ते कायद्याने हस्तांतरणच. 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आणि वर 4 टक्के उपकर. तोटा दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही. त्याने पंधरा हजारांना घेतलेलं वीसला विकलं तर 1,560 रुपये गेले. चांदीवर 3 टक्के जीएसटी. उद्या मोडायला गेला की सराफ घट धरणार, ते वेगळंच. एवढं सगळं वजा जाता चांदी किती वाढली म्हणजे तो मूळ वीस हजारांवर येईल, ते त्यालाच मांडायला सांगितलं.

त्याने वहीत मांडलं. मग म्हणाला, अर्धी रक्कम बहिणीच्या फीला ठेवतो, उरलेल्याचीच चांदी घेईन. मी म्हटलं, घे, पण हॉलमार्क बघून घे, पक्की पावती माग, आणि पावतीवर नाव आईचं घाल.