बर्फाची स्थिती खराब

मुलीला शाळेत एव्हरेस्टवर चार पाने लिहायची होती, म्हणून तिच्याबरोबर लायब्ररीत बसून २ जून १९५३ चा ‘टाइम्स’ पाहिला. पहिल्या पानावर नुसत्या छोट्या जाहिराती! तेव्हा या पत्राची रीतच तशी होती. एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी आत, आणि वर बातमीदाराचे नावही नाही.

तो बातमीदार होता २६ वर्षांचा जेम्स मॉरिस. (पुढे जॅन मॉरिस या नावाने नामवंत लेखिका झाल्या, त्या याच.) मोहिमेच्या बातम्यांचे हक्क ‘टाइम्स’ने पैसे मोजून घेतले होते. पण म्हणून इतरांनी थोडाच नाद सोडला? ‘डेली मेल’चा राल्फ इझर्ड तर थेट डोंगराच्या पायथ्याशी जाऊन धडकला. तेव्हा बातमी मिळवण्यापेक्षा ती वाटेत फुटू न देणे हेच खरे काम होते. काठमांडू दीडशे मैलांहून लांब, सगळी पायवाट. डाक नेणाऱ्यांपैकी जो लवकर पोचेल त्याला जादा पैसे, तरी आठवडा मोडायचाच. जवळचे बिनतारी यंत्र नामचे बाजारला होते, तेही आपल्या भारत सरकारच्या ठाण्यावर. तिथे उघड मजकूर दिला तर बोभाटा, आणि निरर्थक अक्षरे दिली तर संशय!

मॉरिसनी मग सरळ वाक्येच खोटी ठरवून ठेवली. ‘बर्फाची स्थिती खराब’ म्हणजे शिखर सर झाले. ‘पुढचा तळ सोडला’ म्हणजे हिलरी. आणि ‘सुधारणेची वाट पाहत आहोत’ म्हणजे आपला तेनसिंग.

३० मे रोजी दुपारी हिलरी-तेनसिंग चौथ्या छावणीत उतरले. मॉरिस गिर्यारोहक नव्हेत, तरी बावीस हजार फुटांवर हजर होते. त्याच संध्याकाळी माइक वेस्टमॅकॉटबरोबर ते वितळू लागलेल्या खुंबूच्या हिमप्रपातातून धडपडत खाली आले आणि टंकयंत्रावर तीन ओळी बडवल्या. पहाटे डाकवाला नामचेकडे पळाला. १ जूनला बातमी लंडनला पोचली आणि दुसऱ्या दिवशी, ऐन राणीच्या राज्याभिषेकाच्या सकाळी, छापून आली.

इकडच्या पुस्तकांत या युक्तीचे फार कौतुक असते, आणि ते रास्तच आहे. मला मात्र नामचेचा तो आपला बिनतारीवाला राहून राहून आठवतो. एका हिंदुस्थानी ठाण्यावरून तेनसिंगच्या यशाची वार्ता त्याच्याच बोटांनी जगाला गेली, आणि त्याची समजूत काय, तर बिचाऱ्यांचे हवामानाने हाल चाललेत! पत्राने आपला हक्क सांभाळला. त्याला मात्र खोटे सांगितले गेले. मुलीला हे सांगितले, तर ती म्हणाली, “पण बाबा, खरे सांगितले असते तर त्याने गुपित ठेवले असते का?”

मला उत्तर देता आले नाही. तिने मात्र आपल्या चार पानांत त्याच्यासाठी एक परिच्छेद घातला. त्याखाली नामचेचे छोटेसे चित्रही काढले आहे; ठाण्यावर तार जरा जास्तच उंच झाली आहे.